गोमंतकाच्या दप्तराचे सेवक : कुन्हा रिव्हारा

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या मंगल प्रसंगी ज्या ग्रंथोपासकांचे कृतज्ञतेने स्मरण करावे, त्यांत जुआकीं एलियोदोरु दा कुन्हा रिव्हारा यांचे नाव घेणे सर्वथा उचित ठरेल. जन्माने ते पोर्तुगीज, व्यवसायाने आधी ग्रंथपाल व पुढे राज्यकारभारी, आणि वृत्तीने अखेरपर्यंत इतिहाससंशोधक होते. आयुष्याच्या परिपक्व काळातील सुमारे बावीस वर्षे त्यांनी गोव्यात व्यतीत केली. गोवा सरकारचे मुख्य सचिव म्हणून त्यांच्या सहीने निघालेले हुकूम आज कोणाच्या स्मरणात नाहीत. त्यांनी वाचून, नकलून आणि छापून ठेवलेले जुने कागद मात्र गोमंतकाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला आजही हाताशी घ्यावे लागतात. ज्या सत्तेची त्यांनी निष्ठेने चाकरी केली, त्या सत्तेला भूषणावह असलेले आणि तिला खाली मान घालायला लावणारे, असे दोन्ही प्रकारचे कागद त्यांनी सारख्याच काळजीने प्रसिद्ध केले, हे त्यांच्या जीवनकार्याचे खरे वैशिष्ट्य होय.

एव्होराचे ग्रंथपाल

पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेंतेजु प्रांतात आरायोलुश नावाचे एक लहानसे गाव आहे. हाताने भरतकाम केलेल्या लोकरी गालिचांसाठी ते प्रसिद्ध आहे. या गावी २३ जून १८०९ रोजी रिव्हारा यांचा जन्म झाला. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी नेपोलियनच्या सैन्याने जवळचे एव्होरा शहर लुटले होते. त्यांचे तारुण्यही अशाच अस्थिर काळात गेले. उदारमतवादी आणि अनियंत्रित राजसत्तेचे पुरस्कर्ते यांच्यातील यादवी युद्धाने १८३४ पर्यंत सारा पोर्तुगाल ढवळून निघाला होता. कुईंब्रा विद्यापीठातील त्यांच्या शिक्षणालाही या धामधुमीची झळ लागली. वैद्यकशास्त्राची पदवी त्यांना १८३६ मध्ये मिळाली, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

परंतु नाडी पाहण्यात त्यांचे मन रमले नाही. वैद्यकीचा व्यवसाय न करता त्यांनी एव्होरा येथे तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाचे काम पत्करले आणि १८३८ मध्ये तेथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल म्हणून सूत्रे हाती घेतली. हे ग्रंथालय विद्याव्यासंगी आर्चबिशप मानुएल दु सेनाकुलु यांनी १८०५ मध्ये स्थापन केले होते. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील धार्मिक संघांचे मठ सरकारने बरखास्त केले, तेव्हा मठामठांतून शतकानुशतके साठलेले ग्रंथ आणि हस्तलिखिते अशा ग्रंथालयांच्या दारात येऊन पडली. कोणता ग्रंथ कोठला, कोणते पान कोणत्या पोथीचे, याचा पत्ता लागणे मुष्कील झाले. ग्रंथसंग्रह मोठा असणे आणि तो उपयोगी असणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे रिव्हारा यांना येथे उमगले.

ते अंतर नाहीसे करण्याचे काम त्यांनी नेटाने अंगावर घेतले. हस्तलिखिते वाचून त्यांची वर्णनात्मक सूची तयार करण्यात त्यांची अनेक वर्षे गेली. या सूचीचा पहिला खंड १८५० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांशी संबंधित असलेल्या हस्तलिखितांची माहिती त्यात दिलेली होती. उरलेले खंड १८६८ पासून पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या अभ्यासकाने पुरे केले. गोव्याची भूमी प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी पूर्वेकडील पोर्तुगीज राज्याचे कागद रिव्हारा यांच्या नजरेखालून गेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पोर्तुगीज भाषेच्या शुद्धाशुद्धतेवरील एका जुन्या ग्रंथाची टीपांसह आवृत्तीही त्यांनी १८४२ मध्ये काढली होती. भाषा आणि दप्तर ही त्यांच्या पुढील आयुष्यातील दोन्ही व्यसने अशी एव्होरातच जडली.

त्या काळी पोर्तुगालमध्ये इतिहासलेखनाची दृष्टी पालटत होती. आलेशांद्रि एरकुलानु या थोर इतिहासकाराने दंतकथा आणि चमत्कार बाजूला सारून अस्सल कागदांच्या आधारे राष्ट्राचा इतिहास लिहिण्यास प्रारंभ केला होता, आणि त्यापायी धर्ममार्तंडांचा रोषही ओढवून घेतला होता. रिव्हारा याच पिढीचे होते. विद्वान म्हणून त्यांचा लौकिक वाढत गेला, तसा राजकारणातही त्यांचा प्रवेश झाला आणि पोर्तुगालच्या संसदेचे सभासद म्हणून ते निवडून आले. तेथून त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. १८५५ मध्ये तोरिश नोव्हशचे व्हिश्कोंदि यांची गोव्याच्या गव्हर्नर-जनरलपदी नेमणूक झाली आणि त्यांचे मुख्य सचिव म्हणून रिव्हारा यांची निवड झाली.

मांडवीच्या तीरावर

सुएझचा कालवा खुला व्हायला तेव्हा आणखी चौदा वर्षांचा अवकाश होता. आफ्रिकेला वळसा घालण्याऐवजी भूमध्य समुद्र, मिसर देश आणि तांबडा समुद्र या मार्गाने रिव्हारा १८५५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानाकडे आले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी युरोपातील मित्रांना उद्देशून लिहिले आणि पुढच्याच वर्षी ते गोव्यात छापून निघाले. पाऊल ठेवताच लेखणी हाती घेण्याची त्यांची ही वृत्ती पुढेही कधी मंदावली नाही.

त्यांनी पाहिलेला गोवा वैभवाच्या दिवसांतला नव्हता. मांडवीकाठची जुनी राजधानी उजाड झाली होती आणि तिच्या मठांच्या भिंतींवर झाडे उगवली होती. राजधानी पणजीला आली होती. गोव्यातील धार्मिक संघही १८३५ मध्ये बरखास्त झाल्यामुळे एव्होराप्रमाणे येथेही मठांतील ग्रंथ आणि कागद वाऱ्यावर पडले होते. सत्तरीत दिपाजी राणे यांनी १८५२ मध्ये उभारलेले बंड नुकतेच कोठे शमत होते. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत पोर्तुगीज अंमल तीन शतकांचा. तर डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इत्यादी नव्या काबिजादी अठराव्या शतकात जिंकलेल्या. एकाच राज्याच्या या दोन भागांत रीतीभाती, धर्म आणि कागदपत्रांची भाषा यांत पुष्कळ तफावत होती. सरकारचे मुख्य सचिव या नात्याने या साऱ्या प्रदेशाचा पत्रव्यवहार रिव्हारा यांच्या हातून जात असे. १८५५ पासून १८७० पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, त्यांनी हे पद सांभाळले.

एखाद्या सामान्य अधिकाऱ्याने अशा जागेवर कारभार उरकला असता, निवृत्तिवेतन पदरात पाडून घेतले असते आणि तो मायदेशी निघून गेला असता. रिव्हारा यांनी कचेरीच्या कामाइतकीच कचेरीमागच्या दप्तराचीही चाकरी केली. त्यांना साथही चांगली लाभली. सरकारी छापखाना १८२१ मध्ये नव्याने सुरू झाला होता. गोमंतकीयांपैकी फिलिप नेरी शाव्हियेर हे ग्रामसंस्थांच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक आणि मिगेल व्हिसेंति द आब्रेउ यांच्यासारखे चिकाटीचे संशोधक याच काळात काम करीत होते. गोव्याच्या इतिहासलेखनाचा पाया घालण्याचे श्रेय रिव्हारा यांच्या बरोबरीने या गोमंतकीय विद्वानांकडेही जाते.

भाषेचा कैवार

रिव्हारा यांच्या नावाची गोव्यात खरी चर्चा झाली ती भाषेच्या प्रश्नावरून. १८५६ मध्ये पणजीत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नॉर्मल स्कूल सुरू झाले. त्याच्या उद्घाटनप्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी एक असा विचार मांडला, की जो राज्यकर्त्यांच्या तोंडून ऐकण्याची गोव्याला सवय नव्हती. मुलांना ज्ञान द्यायचे तर ते त्यांच्या घरच्या बोलीच्या द्वारे दिले पाहिजे, आणि गोव्यात ती बोली कोकणी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या समाजात प्रतिष्ठित घराणी कोकणीला नोकरचाकरांची बोली समजत, आणि पोर्तुगीज येते की नाही यावर माणसाची पत ठरत असे, तेथे हे बोलणे धाडसाचेच होते.

बोलून ते थांबले नाहीत. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स हे मराठी वाचकाला 'क्रिस्तपुराणा'चे कर्ते म्हणून परिचित आहेत. त्यांनी सिद्ध केलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले होते आणि पुढे अत्यंत दुर्मीळ झाले होते. रिव्हारा यांनी १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती टीपांसह काढली. मूळ ग्रंथाच्या शीर्षकात या भाषेला 'कानारी' या परकीयांनी रूढ केलेल्या नावाने संबोधिले होते; रिव्हारा यांनी त्या जागी 'कोकणी' हे नाव घातले. प्रास्ताविक म्हणून मुंबईचे न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांचा हिंदुस्थानातील भाषांच्या भौगोलिक विभागणीवरील निबंध आणि कोकणी भाषेच्या इतिहासावरील स्वतःचा दीर्घ निबंध त्यांनी जोडला. हा दुसरा निबंध १८५८ मध्ये स्वतंत्रपणेही प्रसिद्ध झाला. त्यानंतर जुन्या मिशनऱ्यांची आणखी दोन व्याकरणे आणि १८६८ मध्ये एक पोर्तुगीज-कोकणी शब्दकोशही त्यांनी प्रकाशात आणला.

या निबंधाचे महत्त्व त्यातील व्याकरणविषयक चर्चेहून अधिक आहे. एका समाजाची भाषा कशी क्षीण होत गेली, याचा तो कागदोपत्री पंचनामा आहे. सोळाव्या शतकात धर्मप्रसाराच्या पहिल्या आवेशात मूर्तिपूजेचे अवशेष म्हणून येथील ग्रंथ नष्ट करण्यात आले. पुढे धर्मोपदेशासाठी लोकभाषा शिकण्याची गरज भासू लागली, तेव्हा मिशनऱ्यांनी तिचा कसून अभ्यास केला आणि तीत ग्रंथरचनाही केली. नंतरच्या पिढ्यांतील पाद्र्यांनी तो कष्टाचा मार्ग सोडून दिला आणि भाषा शिकण्याऐवजी लोकांचीच भाषा बदलावी, असा आग्रह धरला. फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विनंतीवरून व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी २७ जून १६८४ रोजी काढलेला हुकूम ही या प्रवृत्तीची परिसीमा होय. लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे, असे त्यात फर्मावले होते. हा तोच व्हाइसरॉय, ज्याला आदल्याच वर्षी छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने गोव्याच्या वेशीवर पळता भुई थोडी झाली होती. पुढे १७४५ मध्ये आर्चबिशपांनी ख्रिस्ती झालेल्या उच्चवर्णीयांच्या विवाहालाही पोर्तुगीजच्या ज्ञानाची अट घातली. हुकमाने भाषा मरत नाही. परंतु तिची लेखनपरंपरा तुटते आणि बोलणाऱ्याला तिची लाज वाटू लागते, असा या साऱ्या पुराव्याचा मथितार्थ आहे. निबंधाच्या अखेरीस आपल्या मातृभाषेचा उद्धार करण्याचे आवाहन रिव्हारा यांनी गोव्याच्या तरुण पिढीला केले आहे.

त्यांच्या हयातीत या आवाहनाचे फळ फारसे दिसले नाही. शाळांतून पोर्तुगीजचेच वर्चस्व राहिले. पण बी जमिनीत पडले होते. डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा यांनी १८८१ मध्ये कोकणी भाषा व वाङ्मय यांवर लिहिले, मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगादु यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये निघाला, आणि या दोघांच्याही पाठीशी रिव्हारा यांचे काम उभे होते. मराठीचे कट्टर अभिमानी आणि गोमंतकाचे सुपुत्र प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणकलेच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात रिव्हारा यांच्या निबंधाचा अनुवाद अगत्याने समाविष्ट केला. कोकणी आणि मराठी यांच्या नात्याविषयी गोमंतकात पुढे मोठा वाद झाला. त्या वादात ज्यांची मते परस्परविरुद्ध होती, त्यांनाही रिव्हारा यांचा निबंध बाजूला ठेवता आला नाही. पुराव्याने लिहिलेल्या ग्रंथाला मिळणारा याहून मोठा मान कोणता?

दप्तराचा उद्धार

रिव्हारा यांचे चिरंतन कार्य म्हणजे 'आर्किव्हु पोर्तुगेज ओरिएंताल', अर्थात पूर्वेकडील पोर्तुगीज दप्तर, ही साधनग्रंथांची माला होय. तिचा पहिला भाग १८५७ मध्ये आणि सहावा १८७५-७६ मध्ये प्रसिद्ध झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. त्यापूर्वी एकेचाळीस वर्षे गोव्याच्या सरकारी छापखान्यात तशाच प्रकारचे काम सुरू झाले होते, ही तुलना मराठी वाचकाला उद्बोधक वाटेल. फरक एवढाच, की राजवाडे यांना वाडे आणि माळे धुंडाळीत गावोगाव हिंडावे लागले. रिव्हारा यांचे सारे धन एकाच ठिकाणी, पण कुजत पडले होते.

गोव्याचे दप्तर जुने. १५९५ मध्ये त्याची रीतसर व्यवस्था झाली आणि दियोगु दु कोतु हा नामांकित बखरकार त्याचा पहिला रक्षक झाला. लिस्बनहून दरवर्षी सुटणारी जहाजे पावसाळी वाऱ्यांच्या आधाराने गोव्याला पोहोचत. त्यांतून राजाची पत्रे येत आणि परतीच्या जहाजांतून व्हाइसरॉयची उत्तरे जात. या पत्रव्यवहाराचे बांधीव ग्रंथ 'मोसमी दप्तर' म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी साठाहून अधिक ग्रंथ अठराव्या शतकात लिस्बनला हलविण्यात आले. उरलेले गोव्यातच राहिले. खारी हवा, वाळवी आणि कागदाला खाऊन टाकणारी शाई हे या दप्तराचे तीन वैरी. शिवाय सोळाव्या शतकातील वळणदार, जोडाक्षरी आणि संक्षेपांनी भरलेली पोर्तुगीज लिपी वाचणे हे मोडी वाचण्याइतकेच अवघड. एव्होराच्या मठांतील हस्तलिखितांवर ज्याची नजर तयार झाली होती, त्यालाच हे साधण्याजोगे होते.

पहिल्या भागात पोर्तुगालच्या राजांनी गोवा शहराला लिहिलेली पत्रे आहेत, दुसऱ्यात शहराला मिळालेल्या सनदा व हक्क. १८६१ च्या तिसऱ्या भागात राजांनी व्हाइसरॉयना पाठविलेल्या आज्ञा आणि १८६२ च्या चौथ्यात गोव्यातील धर्मपरिषदांचे निर्णय आहेत. पाचव्या भागातील सोळाव्या शतकाची संकीर्ण कागदपत्रे इतकी वाढली, की त्याचे तीन पोटभाग करावे लागले. गावच्या गांवकारांचे हक्क व कर्तव्ये नमूद करणारा आफोंसु मेशिया यांचा १५२६ चा प्रसिद्ध 'फोराल' याच भागात वाचावयास मिळतो. सहावा भाग सतराव्या शतकाकडे वळतो.

या कागदांचे मोल समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मांडवीच्या दोन तीरांवर नार्वे नावाची दोन गावे आहेत, एक दिवाडी बेटावर आणि दुसरे समोर डिचोली तालुक्यात. कदंब राजांचे कुलदैवत श्री सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचे. सोळाव्या शतकात बेटावरील देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केले, तेव्हा भाविकांनी देवाला नदीपार नेले. आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी डिचोलीच्या नार्व्यात देवालय उभारण्यास प्रारंभ केला, याची साक्ष तेथील शिलालेख देतो. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या तीर्थावर स्नानाला जमणाऱ्या भाविकांनी ही कथा वाडवडिलांच्या तोंडून ऐकलेली असते. परंतु ऐकीव कथेला कोणीही कथाच म्हणू शकतो. देवळे पाडण्याचे आणि नवी बांधण्यास वा जुनी दुरुस्त करण्यास मनाई करण्याचे धोरण कसे आखले गेले, १५६७ च्या पहिल्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या पूजाअर्चेसंबंधी, पुरोहितांसंबंधी आणि ग्रंथांसंबंधी कोणते ठराव केले, याचा लेखी पुरावा मात्र राज्यकर्त्यांच्याच दप्तरात होता. रिव्हारा यांनी तो छापला. देव नदीपार का गेला, या प्रश्नाचे उत्तर तेव्हापासून कोणाच्याही सांगीवर अवलंबून राहिले नाही.

हे कागद प्रसिद्ध करताना रिव्हारा यांच्या मनात पोर्तुगीज राज्याची निंदा करण्याचा हेतू मुळीच नव्हता. ते श्रद्धाळू कॅथलिक होते आणि आपल्या राष्ट्राच्या पूर्वपराक्रमाचा त्यांना अभिमान होता. तरीही गैरसोयीचा म्हणून ठराव गाळावा किंवा कलम सौम्य करावे, असे त्यांनी केले नाही. इतिहासकाराची सचोटी याहून निराळी काय असते?

तिसवाडीचा वृत्तांतकार आणि गांवकारीचा पाठीराखा

साधनग्रंथांबरोबरच सामान्य वाचकाचीही त्यांनी चिंता वाहिली. सतराव्या शतकाच्या प्रारंभी गोव्यात राहून गेलेल्या फ्रांस्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाचे वृत्त त्यांनी पोर्तुगीजमध्ये आणले. त्याचे दोन खंड १८५८ आणि १८६२ मध्ये निघाले. जुन्या गोव्याचा बाजार, इस्पितळ आणि तेथील नित्याचे जीवन यांचे चित्र त्यामुळे गोमंतकीय वाचकाला उपलब्ध झाले. १८६६ ते १८६९ या काळात त्यांनी 'ओ क्रोनिश्त द तिसुआरी', म्हणजे तिसवाडीचा वृत्तांतकार, नावाचे मासिक चालविले. इतिहास आणि पुराणवस्तू यांना वाहिलेले हे मासिक म्हणजे गोव्यातील संशोधनपत्रिकांचा एक आरंभीचा नमुना होय. जुन्या गोव्यातील आणि अन्य ठिकाणच्या पोर्तुगीज शिलालेखांचा त्यांनी केलेला संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ज्या दगडांवरून त्यांनी अक्षरे उतरून घेतली, त्यांतील कित्येक पुढे नाहीसे झाले.

१८७० मध्ये त्यांनी गोव्याच्या ग्रामसंस्थांची बाजू घेऊन एक घणाघाती पुस्तक लिहिले. गोव्यातील गांवकारी, पोर्तुगीज भाषेत जिला 'कोमुनिदाद' म्हणतात, ही पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची संस्था. गावची जमीन सामाईक, तिच्या पावणीतून बांध, मानशी, देवस्थान, पाणी यांचा खर्च भागवायचा आणि उरलेल्यातून गांवकारांना हिस्सा द्यायचा, अशी तिची स्थूल व्यवस्था. खारे पाणी अडवून उभी केलेली खाजन शेती अशा सामूहिक जबाबदारीवाचून टिकणे अशक्य. एकोणिसाव्या शतकातील सुधारणावाद्यांना मात्र ही संस्था जुनाट वाटे आणि ती मोडून जमिनी खाजगी मालकीच्या कराव्यात, असा विचार बळावत होता. रिव्हारा यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. दप्तर वाचलेल्या माणसाला ठाऊक होते, की ही संस्था राजाच्या कृपेने निर्माण झालेली नाही. राजाने तिला फक्त मान्यता दिली होती. जे आपण दिलेले नाही ते काढून घेण्याचा अधिकार सरकारला कोठून येतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. येथे इतिहासकार आणि राज्यकारभारी हे एकाच माणसातले दोन पुरुष एकमेकांच्या मदतीला आलेले दिसतात.

मर्यादा

थोर पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखेच आहे. रिव्हारा अखेर परकीय सत्तेचे अधिकारी होते. पोर्तुगीज राज्याच्या नैतिक अधिष्ठानाविषयी त्यांना शंका नव्हती. राज्य चांगल्या रीतीने चालावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. हिंदुस्थानातील चर्चवर पोर्तुगालच्या राजाचे वर्चस्व असावे की रोमच्या प्रचारसंस्थेचे, या 'पाद्रुआदु'च्या वादात त्यांनी १८५८ मध्ये पोर्तुगालची बाजू हिरिरीने मांडली. १७८७ च्या गोव्यातील कटावर त्यांनी १८७५ मध्ये ग्रंथ लिहिला. पिंटोंचे बंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात पंधरा जणांना देहान्त शिक्षा झाली होती. ज्यांना सरकारी दप्तर राजद्रोही म्हणत होते, त्यांच्यात पुढच्या पिढ्यांना स्वातंत्र्याचे पूर्वसूरी दिसले. रिव्हारा यांना ती दृष्टी असणे शक्य नव्हते. मात्र या नव्या वाचनासाठी लागणारे कागदही पुष्कळ अंशी त्यांच्याच ग्रंथातून घ्यावे लागले.

आणखी एक उणीव जाणवते. त्यांचा सारा भर पोर्तुगीज कागदांवर होता. नव्या काबिजादींतील मठ, देवस्थाने आणि देसाई-राणे घराणी यांच्याकडील मोडी दप्तरांपर्यंत ते पोहोचू शकले नाहीत. गोव्याच्या इतिहासाची ती बाजू उजेडात येण्यास विसाव्या शतकाची आणि गोमंतकीय संशोधकाची वाट पाहावी लागली.

अखेर आणि वारसा

१८७० मध्ये मुख्य सचिवपदावरून मोकळे झाल्यावरही रिव्हारा मायदेशी परतले नाहीत. पूर्वेकडील पोर्तुगीज राज्याच्या इतिहासाचे काम पुढे नेण्यासाठी ते आणखी सात वर्षे गोव्यात राहिले. 'आर्किव्हु'चा सहावा भाग याच काळात सिद्ध झाला. सलग इतिहास लिहून पुरा करण्याचे मात्र त्यांच्याकडून झाले नाही. साधनांच्या राशी उभारण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडली. १८७७ मध्ये ते पोर्तुगालला परत गेले. ज्या एव्होरा शहरातील ग्रंथालयापासून त्यांच्या कार्याला आरंभ झाला होता, तेथेच २० फेब्रुवारी १८७९ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले या गावी १८९४ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी पुढे त्याच दप्तराची धुरा वाहिली. रिव्हारा जेथे थांबले होते, त्याच्या पुढचा प्रांत त्यांनी सर केला. राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तान्त त्यांनी पाच खंडांत संपादित केले आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास दोन्हीकडच्या पुराव्यांनिशी उलगडून दाखविला. शिवकालाचा आणि पेशवाईचा अभ्यास करणाऱ्याला आज गोव्याचे दप्तर डावलून चालत नाही. ही वाट पिसुर्लेकरांनी रुंद केली. तिच्यावरचे पहिले पाऊल रिव्हारा यांचे होते. हे दप्तर आज गोवा शासनाच्या पुराभिलेख खात्याच्या ताब्यात आहे.

राज्ये जातात, राज्यकर्त्यांचे हेतूही त्यांच्याबरोबर जातात. रिव्हारा ज्या सत्तेचे सचिव होते, ती १९६१ मध्ये गोव्यातून संपुष्टात आली. आपल्या राष्ट्राच्या कीर्तीसाठी त्यांनी जे कागद जपले, त्यांतून गोमंतकीयांना आपला हरवलेला इतिहास सापडला. आपल्या राज्याच्या सोयीसाठी त्यांनी ज्या भाषेचा कैवार घेतला, तिच्या बोलणाऱ्यांना त्यातून आपल्या अस्मितेचा पुरावा मिळाला. ग्रंथपालाला आपल्या ग्रंथाचा पुढचा वाचक कोण असेल हे कधीच ठाऊक नसते. तो ग्रंथ कोणालाही सापडेल अशा जागी, शाबूत आणि अविकृत ठेवणे एवढेच त्याच्या हाती असते. एव्होराच्या ग्रंथपालाने मांडवीच्या तीरावर हे व्रत निष्ठेने पाळले. म्हणूनच परक्या देशातून आलेल्या या अधिकाऱ्याचे ऋण गोमंतकातील प्रत्येक ग्रंथालयाने आदरपूर्वक मान्य करावे, अशी त्यांची योग्यता आहे.